नातीचा श्वास, लेकीची झोप

पत्र

डॉक्टर, नमस्कार. माझी मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आहे. गुहागर तालुक्यात समुद्राला लागून आमचं घर. नात 34 व्या आठवड्यातच झाली, वजन 1 किलो 800 ग्रॅम. चिपळूणला बारा दिवस पेटीत होती. तिथे सुरुवातीला दोन-तीनदा श्वास थांबला म्हणून औषध दिलं आणि घरी पाठवायच्या आधी ते बंद केलं. आता ती सात आठवड्यांची आहे, तीन किलोला आली आहे, दूध चांगलं ओढते.

जावई पुण्याला असतात. त्यांनी काळजीपोटी दोन मशीनं पाठवली. एक पायात घालायचा मोजा, त्याचे आकडे मोबाइलवर येतात. दुसरी गादीखाली ठेवायची पट्टी, बाळाचा श्वास थांबला की ती वाजते म्हणे. परवा रात्री दोनला मोजा वाजला. मुलगी किंचाळत उठली, बाळाला हलवून हलवून जागं केलं. बाळ ठणठणीत! तेव्हापासून मुलगी झोपत नाही. रात्रभर मोबाइलकडे बघत बसते. दूधही कमी झाल्यासारखं वाटतं. आणि पट्टीचं तर नवलच. मी बाळाला पाळण्यातून उचलून घेतलं, रिकामा पाळणा हलत होता आणि पट्टी गप्प! माझं मात्र लक्ष असतं. बाळ झोपेत मध्येच श्वास धरतं, मग भराभर घेतं. मशीन खरं धरू की माझे डोळे? काढून ठेवा म्हणावं, तर उद्या काही झालं की दोष माझ्या माथी येईल.
– एक आजी, गुहागर तालुका

उत्तर

ताई, तुम्हाला घाई आहे म्हणून उत्तर आधी देते. नातीला घरी सोडताना डॉक्टरांनी यंत्र लावायला सांगितलं नसेल, तर मोजा आणि पट्टी दोन्ही काढून ठेवायला हरकत नाही. कशी काढायची ते पुढे सांगते, कारण त्यात तुमच्या मुलीचं मन गुंतलेलं आहे. त्याआधी डिस्चार्ज कार्ड हातात घ्या, चिपळूणच्या डॉक्टरांना फोन लावा आणि मुलीच्या समोरच विचारा, "हिला घरी मॉनिटरची गरज आहे का?" काही बाळांना ती खरोखर असते. घरीही ऑक्सिजन चालू असलेली, फुप्फुसांचा जुना त्रास असलेली, गळ्यात श्वासाची नळी बसवलेली अशी ती बाळं. त्यांना डॉक्टर वैद्यकीय पल्स ऑक्सिमीटर, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन मोजणारं यंत्र, लिहून देतात आणि कोणत्या आकड्याला काय करायचं ते आईबापांना शिकवूनच घरी पाठवतात. तुम्ही लिहिलंय त्यावरून नात त्यात बसत नाही. पण तिला तपासलेल्या डॉक्टरांच्या तोंडून ते यायला हवं. म्हणजे निर्णय त्यांचा होईल आणि तुमच्या माथ्यावरचं ओझंही उतरेल.

आता तुमच्या डोळ्यांबद्दल. तुम्ही जे पाहिलंत ते अगदी बरोबर पाहिलंत. लहान बाळं, त्यातही लवकर जन्मलेली, मोठ्या माणसांसारखा एका लयीत श्वास घेत नाहीत. मेंदूतलं श्वासाचं केंद्र अजून तयार होत असतं. त्यामुळे झोपेत पाच-दहा सेकंद श्वास थांबतो, मग काही श्वास भराभर येतात, मग पुन्हा संथ. बाळाचा रंग बदलत नाही, अंग ढिलं पडत नाही, कोणी हलवावं लागत नाही. हा आजार नाही. वाढत्या महिन्यांबरोबर हे थांबणं आपोआप कमी होत जातं.

काळजीचं थांबणं वेगळं. श्वास 20 सेकंद किंवा त्याहून जास्त थांबला, किंवा थोडाच वेळ थांबला पण ओठ-जीभ निळी-काळसर दिसली, बाळ पांढरं पडलं, लुळं झालं, तर ते कधीही साधं समजू नका. आपल्याकडच्या सावळ्या बाळांत गालांवरून रंग कळत नाही. जीभ, हिरड्या आणि ओठांची आतली बाजू बघा. आंघोळीनंतर नुसते तळहात-तळपाय निळसर झाले आणि जीभ गुलाबी असेल, तर ती बहुधा गारठ्यामुळे. पुसून, गुंडाळून जवळ घेतलं की रंग येतो.

इस्पितळात जे दोन-तीनदा झालं, ते दिवस पूर्ण न भरल्यामुळे. दिलेलं औषध बहुधा कॅफीन असेल, आपल्या चहा-कॉफीतलं तेच द्रव्य. ते श्वासाच्या केंद्राला जागं ठेवतं. ते बंद केल्यावर काही दिवस श्वास न थांबता गेले की मगच अशा बाळाला घरी सोडतात. 34 आठवड्यांच्या आसपास जन्मलेल्या बहुतेक बाळांत हा त्रास, गरोदरपणाच्या सुरुवातीपासून मोजलं तर, 37 आठवडे भरेपर्यंत संपतो. फारच लवकर जन्मलेल्यांत तो 43 आठवड्यांपर्यंत रेंगाळू शकतो. तुमची नात 34 अधिक 7, म्हणजे आज 41 आठवड्यांची धरायची. ती वळणावरून पुढे आली आहे. पुढचे दोन आठवडे डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा, पण ते कशावर ठेवायचं ते समजून घ्या.

बाळ शांत झोपलेलं असताना पोटावरचं दुपटं बाजूला करा आणि सेकंदकाटा असलेलं घड्याळ घेऊन पूर्ण एक मिनिट पोटाचं वरखाली होणं मोजा. अर्धं मिनिट मोजून दुप्पट करायचं नाही, कारण मधल्या थांबण्यामुळे हिशोब चुकतो. 30 च्या पुढे आणि 60 च्या आत हा आकडा ठीक. दोन महिन्यांच्या आतल्या बाळात 60 किंवा जास्त आला तर थोड्या वेळाने पुन्हा मोजायचं. पुन्हा तेवढाच आला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. दोन महिने पूर्ण झाले की ही मर्यादा 50 वर येते, म्हणजे तुमच्याकडे ती लवकरच बदलेल. आकड्याच्या जोडीला आणखी काही बघा: श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडतो का, नाकपुड्या फुलतात का, कण्हल्यासारखा आवाज येतो का, आणि सगळ्यात आधी, ते दूध ओढतंय का. रोज ओढणारं बाळ अचानक दूध सोडून मलूल पडलं, तर श्वासाचा आकडा कितीही छान असला तरी थांबू नका.

मशीन खरं की डोळे, हे विचारलंत म्हणून एक गोष्ट सांगायलाच हवी. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला गावच्या सुइणींसाठी श्वासमापक तयार केला. त्यांच्यातल्या अनेकींना मोठी संख्या मोजता येत नव्हती. एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि शेजारी ओळीत मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोहोचलात, तर बाळाला न्यूमोनिया आहे असं समजून उपचाराला लागायचं. याच कामातून पुढे घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घ्यायची पद्धत उभी राहिली. तिच्यामुळे त्या गावांत नवजात बालमृत्यू तिसऱ्या वर्षी 62 टक्क्यांनी घटल्याचं 1999 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. आज तुमच्या दारात आशाताई येते, बाळाचं वजन करते, ताप बघते, श्वास मोजते, त्याची मुळं तिथे आहेत. त्यातलं साधन इतकं साधं होतं, तरी ते चाललं, कारण मोजणाऱ्या बाईला मोजून झाल्यावर काय करायचं ते शिकवलेलं होतं. जावयांनी पाठवलेल्या खोक्यात नेमकं तेवढंच नाही.

आता पट्टीचा खुलासा करते. ती श्वास ओळखत नाही, हालचाल ओळखते. छाती-पोटाच्या वरखाली होण्याने गादीवर बारीकसा दाब पडतो, तो तिच्यातला संवेदक टिपतो. बहुतेक पट्ट्या 20 सेकंद काहीच हाललं नाही की वाजतात. ही वस्तू कोणासाठी बनली ते बघा: वेगळ्या खोलीत, चार पायांवर घट्ट उभ्या असलेल्या खाटेत एकटं झोपणारं बाळ. आपल्याकडे पाळणा हलतो, त्याची दोरी कोणीतरी ओढत असतं, वरून पंख्याचा वारा येत असतो. बाळ आईच्या अंथरुणात असेल तर आईचा श्वासही गादीतून पट्टीला पोहोचतो. रिकाम्या हलत्या पाळण्याला पट्टीने बाळ समजलं, यात तिचा बिघाड नाही. तिला दुसरं काही करताच येत नाही. ही चाचणी तुम्ही नकळत घेतलीत आणि तिचा निकाल अगदी स्पष्ट आहे.

पट्टीची याहूनही मोठी एक उणीव आहे, ती सहज डोळ्यांना दिसत नाही. कधी बाळाचा घसा किंवा नाक बंद झाल्यामुळे हवा आत जात नाही, पण छाती मात्र जोर लावून हलत राहते. मान पुढे वाकून हनुवटी छातीला टेकली की असं होऊ शकतं. तोंडावर गोधडी आली की होऊ शकतं. अशा वेळी पट्टीला हालचाल भरपूर मिळते आणि ती गप्प बसते.

मोजाचं तंत्र निराळं. अंधारात टॉर्चवर बोट ठेवलं की ते लाल दिसतं ना, तोच पाया. मोजातून तांबडा आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त, असे दोन प्रकाश पायातून जातात. ऑक्सिजन भरलेलं रक्त आणि ऑक्सिजन सोडलेलं रक्त हे दोन प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतं. नाडीच्या प्रत्येक ठोक्याबरोबर होणारा फरक मोजून ऑक्सिजनचा टक्का काढतात. जपानच्या ताकुओ आओयागी यांनी 1970 च्या दशकात ही युक्ती शोधली आणि भूल देण्याच्या टेबलापासून कोविडच्या वॉर्डापर्यंत तिने असंख्य जीव वाचवले. तंत्र थोरच आहे. पण पाय गार असला, मोजा सैल झाला, घामाने सरकला, बाळाने लाथा मारल्या, की प्रकाशाची वाट बदलते आणि आकडा खोटा खाली येतो. कोकणातल्या दमट हवेत हे वारंवार होणार. परवा रात्री बाळ ठणठणीत होतं म्हणता, म्हणजे बहुधा हेच झालं. उलटही घडतं. 2020 साली अमेरिकेतल्या रुग्णांवरच्या अभ्यासात दिसलं की काळ्या त्वचेच्या रुग्णांत ऑक्सिमीटर ऑक्सिजन आहे त्यापेक्षा जास्त दाखवण्याची चूक गोऱ्यांपेक्षा सुमारे तिप्पट वेळा करतो. आपल्या सावळ्या बाळांसाठी ही गोष्ट दुर्लक्ष करण्यासारखी नाही.

2018 साली फिलाडेल्फियाच्या बाल रुग्णालयात अशा घरगुती दोन यंत्रांची वैद्यकीय यंत्राशी तुलना झाली. एकाने ऑक्सिजन खाली गेल्याचं कधी ओळखलं, कधी नाही. दुसऱ्याने एकदाही ओळखलं नाही. पुढे 2021 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एका मोजा-कंपनीला ताकीद दिली की हे वैद्यकीय उपकरण आहे आणि परवानगीशिवाय विकता येणार नाही. 2023 मध्ये काही मोजांना परवानगी मिळाली. ती आकडा दाखवण्याची आणि सूचना देण्याची परवानगी आहे. झोपेतला अचानक मृत्यू टळेल, असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही.

कारण खरी भीती तीच आहे, ताई. मुलीने ती तुमच्यापाशी बोलून दाखवली नसेल, पण रात्री दोनला किंचाळत उठणाऱ्या आईच्या मनात दुसरं काही नसतं. ही भीती यंत्राशी कशी जोडली गेली तेही सांगते. 1972 साली अमेरिकेत पाच बाळांवरून एक लेख लिहिला गेला. झोपेत श्वास थांबण्याचे झटके येतात आणि त्यातूनच पुढे मृत्यू होतो, असं त्यात सुचवलं होतं. त्यावरून निरोगी बाळांनाही घरी यंत्रं लावायची लाटच आली. त्या पाचांपैकी दगावलेल्या दोन भावंडांच्या मृत्यूबद्दल 1995 साली न्यायालयात वेगळंच सिद्ध झालं: ते नैसर्गिक मृत्यूच नव्हते. मग 2001 साली हजाराहून अधिक बाळांना घरी मॉनिटर लावून केलेला मोठा अभ्यास आला. त्यात पूर्ण दिवसांच्या, निरोगी बाळांपैकीही 43 टक्के बाळांना यंत्र वाजावं असा निदान एक प्रसंग आला होता. म्हणजे ठणठणीत बाळांतही शंभरातल्या त्रेचाळीस घरी रात्री कधी ना कधी घंटा वाजणार! याच अभ्यासात दिसलं की लवकर जन्मलेल्या बाळांतले गंभीर प्रसंग साधारण 43 आठवड्यांपर्यंतच जास्त असतात. अचानक मृत्यूचा धोका मात्र दोन ते चार महिन्यांच्या दरम्यान सर्वांत जास्त असतो. दोन्हींची वेळच जुळत नाही. म्हणून अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटना 2022 च्या मार्गदर्शनातही स्पष्ट सांगते की अचानक मृत्यू टाळण्यासाठी घरगुती यंत्रं वापरू नका.

मृत्यू कमी झाले ते बाळांना उताणं झोपवल्यामुळे. 1994 साली अमेरिकेत तशी मोहीम सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत असे मृत्यू निम्म्यावर आले. एक रुपयाही खर्च नसलेला हा उपाय.

तेव्हा तुमच्या घरात मला काय बदलायला आवडेल ते बोलते. नात प्रत्येक झोपेला उताणी, सपाट आणि टणक गादीवर. साडीची झोळी दिवसाही नको. झोळीत बाळ वाकतं आणि हनुवटी छातीवर येते, तेही कोणाला न दिसता. आपण सगळे झोळीत वाढलो हे खरं, पण आपण बहुतेक भरल्या दिवसांचे होतो. लाकडी पाळणा असेल तर चालेल, आत सपाट गादी आणि घट्ट खोचलेलं एक फडकं, बस्स. डोकं गोल व्हावं म्हणून ठेवतात ती राईची उशी, मऊ दुलया, बाजूचे लोड, सगळं बाहेर. झोपेत कुंची नको. आपल्या उकाड्यात बाळ तापतं आणि कुंची सरकून नाकावर येते. पाळणा आईच्या अंथरुणाला लागून, हात पुरेल इतका जवळ, पण बाळाचं अंथरूण वेगळं. दूध पाजताना आईला डुलकी लागणार असेल तर खुर्चीत किंवा सोफ्यावर बसून पाजू नये. तिथे डुलकी लागणं सगळ्यात धोक्याचं.

धुरीबद्दल लिहिताना मला कळतं की मी तुमच्या आईच्या आणि आजीच्या हाताला हात लावते आहे. पावसाळ्यात न्हाऊ घातल्यावर ओव्याची, बाळंतशेपाची धुरी देतात, बाळ कोरडं राहावं, सर्दी होऊ नये म्हणून. हेतू मायेचा असला तरी धूर आधीच नाजूक असलेल्या फुप्फुसांत जातो. धुरी बंद. खोलीत मच्छर अगरबत्ती बंद, त्याऐवजी मच्छरदाणी नीट खोचून. बाळाच्या खोलीत चुलीचा धूर नको आणि घरात विडी-सिगारेट कोणाचीही नको. न्हाऊ घालणाऱ्या बाईला सांगा की नाकात तेलाचा थेंब घालायचा नाही आणि फुंकर मारायची नाही. तेल फुप्फुसात उतरलं तर न्यूमोनिया होतो. अंगाला तेल लावा, हळुवार चोळा, त्यात आनंद आहे.

गणपती तोंडावर आले आहेत. मुंबई-पुण्याचे चाकरमानी घरोघरी येतील, बाळाला बघायला रांग लागेल, प्रत्येक जण पापा घेईल. या बाळाच्या श्वासाला सध्या खरा धोका कोणता विचाराल, तर मी पावसाळ्यातल्या सर्दी-खोकल्याचं नाव घेईन. मोठ्या माणसाला नुसतं नाक गळायला लावणारा विषाणू इतक्या लहान, लवकर जन्मलेल्या बाळाच्या बारीक श्वासनलिका सुजवतो, कधी श्वासही थांबवतो. ज्याला शिंक आहे त्याने उंबऱ्यातूनच बाळ बघावं. बाकीच्यांनी साबणाने हात धुवावेत आणि पापा घेऊ नये. घरची मोठी म्हणून हे तुम्हीच सांगायचं. मुलीला वाईटपणा घ्यायला लावू नका.

आणि बाळाला छातीशी घ्या. इस्पितळात बहुधा शिकवलं असेल: बाळाला फक्त लंगोट, आईच्या उघड्या छातीवर उभं, मान किंचित वर, तोंड एका बाजूला, वरून साडी किंवा पट्टा. कोलंबियातल्या बोगोटा शहरात 1970 च्या दशकाच्या अखेरीस पेट्या पुरेनात म्हणून ही पद्धत सुरू झाली. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासात, ज्यात दिल्लीचं सफदरजंग रुग्णालयही होतं, कमी वजनाच्या बाळांना जन्मल्याजन्मल्याच असं धरल्यावर मृत्यू 25 टक्क्यांनी कमी झाले. छातीशी असलेल्या बाळाचा श्वास आणि ठोके अधिक स्थिर राहतात. तीन किलोची नातसुद्धा तिला आवडतंय तोवर असं घेता येईल. तुम्हीही घेऊ शकता. जावई गणपतीला आले की त्यांनाही द्या, बापाची छाती तितकीच चालते. धरणाऱ्याने मात्र जागं राहायचं.

यंत्रांची मला मुळीच अढी नाही. नवजात कक्षात छातीवरच्या तारांनी श्वास मोजतात, ते मॉनिटर नसते तर तुमच्या नातीचे ते थांबलेले श्वास वेळेत कळलेच नसते. तिथे घंटा वाजली की दहा पावलांवर सिस्टर असते. आता त्या तारा आणि बाळाची कातडी सोलवटणाऱ्या चिकटपट्ट्या घालवण्याचं काम जगभर चाललं आहे. अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाने 2019 मध्ये त्वचेसारखे मऊ, बिनतारी संवेदक दाखवले. ते लावलेलं बाळ आईच्या छातीशी घेता येतं. कॅमेऱ्याने त्वचेच्या रंगातले सूक्ष्म बदल टिपून, रडारने स्पर्शाविना छातीची हालचाल टिपून श्वास मोजण्याचे प्रयोग सुरू आहेत. हे सगळं रत्नागिरीच्या, सिंधुदुर्गाच्या सरकारी नवजात कक्षांत यावं अशी माझी मनापासून इच्छा आहे. कारण तिथे सिस्टर कमी आणि बाळं जास्त असतात. त्याची जागा तिथे आहे, थकलेल्या एकट्या आईच्या उशाशी नाही.

मुलीबद्दल. यंत्र तिच्या हातून हिसकावू नका, लपवू तर अजिबात नका. तिच्या पाठीवर हात ठेवून बसा आणि दोघी मिळून एकदा श्वास मोजा. तिने घड्याळ धरायचं, तुम्ही मोजायचं, मग उलट. पट्टी आजच बंद करा, रिकाम्या पाळण्याचा प्रयोग तिला दाखवा. मोजा आधी दिवसा काढा, मग रात्री. आणि रात्र वाटून घ्या. नऊपासून एकपर्यंत बाळ तुमच्या नजरेखाली, फक्त पाजायला तिच्याकडे. तिचा मोबाइल दुसऱ्या खोलीत. झोप मिळाली, पोटभर जेवली, बाळ छातीशी राहिलं की दूध वाढायला मदत होते. ते कमी झालंय का, हे वजनकाट्यावरून कळेल. आशाताईकडून दर आठवड्याला वजन करून घ्या.

चार-पाच दिवस अशी संधी मिळूनही तिला झोप लागली नाही, बाळ झोपलेलं असताना ती दर मिनिटाला उठून हात लावून बघत राहिली, रडत राहिली, "माझ्यामुळे हे लवकर झालं" असं म्हणू लागली, तर तो बाळंतपणानंतरचा मनाचा आजार असू शकतो. उपचाराने तो बरा होतो. सरकारच्या टेली-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं. दृष्ट काढा हवं तर, पण फोनही करा. स्वतःचं किंवा बाळाचं बरंवाईट करण्याचा विचार तिच्या तोंडून आला, तर तिला क्षणभरही एकटं सोडू नका आणि तडक इस्पितळात न्या.

कधी खरोखरच श्वास थांबलेला दिसला तर: बाळाला जोरात हलवायचं नाही. त्याने डोक्यात रक्तस्राव होऊ शकतो. परवा मुलीने हलवलं तेव्हा बाळ नंतर नेहमीसारखं दूध पीत असेल, जागं होत असेल, तर आता घाबरू नका. पण फोनवर डॉक्टरांना हेही सांगा. तळपायावर बोटांनी टिचक्या मारा, पाठ चोळा. बहुतेक बाळं एवढ्याने श्वास घेतात. घेतला तरी त्याच वेळी दवाखाना. नाही घेतला तर 108 लावून फोन स्पीकरवर ठेवा, बाळ टणक जागी उताणं, मान सरळ. आपलं तोंड बाळाच्या नाक-तोंडावर मिळून घट्ट ठेवून छाती जेमतेम उचलेल एवढ्या दोन हलक्या फुंकरी. मग छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर दोन्ही अंगठ्यांनी मिनिटाला 100 ते 120 च्या वेगाने 30 दाब, सुमारे 4 सेंटिमीटर खोल, पुन्हा दोन फुंकरी. मदत येईपर्यंत थांबायचं नाही. हे वाचून येत नाही. पुढच्या लसीला आरोग्य केंद्रात जाल तेव्हा तुम्ही दोघी सिस्टरकडून बाहुलीवर करून घ्या, जावयांनाही शिकायला लावा. पावसात रात्री रस्ता बंद असला तर कोणाची गाडी, कोणत्या वाटेने गुहागरच्या ग्रामीण रुग्णालयात पोहोचायचं, ते वाडीतल्या दोघा-तिघांशी आजच बोलून ठेवा.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण पत्र वाचताना मला तीच टोचत राहिली. 2 किलोच्या आत जन्मलेल्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा जन्मानंतर साधारण चार आठवड्यांनी नेत्रतज्ज्ञाकडून तपासावा लागतो. पेटीतल्या, ऑक्सिजन लागलेल्या बाळांत पडद्यावरच्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढू शकतात. वेळेत लेसर केला तर नजर वाचते, वेळ गेली तर कायमची जाऊ शकते. बाहेरून डोळे छान दिसतात, त्यामुळे घरी काहीच कळत नाही. डिस्चार्ज कार्डावर ही तारीख लिहिलेली असेल. तपासणी झाली असेल तर पुढची केव्हा ते बघा. झाली नसेल तर नात सात आठवड्यांची आहे, आता एक दिवसही थांबू नका. चिपळूणला फोन कराल तेव्हा मॉनिटरच्या आधी हे विचारा, आणि कानांची तपासणी राहिली असेल तर त्याच खेपेत करून घ्या.